टोपाखालचा डबा

निवतळ बंदरात 'टोप घातला' म्हणजे काय, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. बांगड्याचा चांगला थवा गावला की बोट हाकणारा तांडेल केबिनवरच्या डब्यावर जेवणाचा टोप पालथा घालतो. डबा म्हणजे बोटीचं नेटवर्कचं यंत्र. ॲल्युमिनियमच्या टोपाखालून त्याची हाक बाहेर पडत नाही. मच्छीमार सोसायटीच्या नकाशावरचा त्या बोटीचा ठिपका विझतो, आणि बाकीच्या बोटींना पत्ता लागत नाही की हा गडी कुठे जाळं टाकून बसलाय. काम झालं की टोप काढायचा. दुसरा थवा दिसला की परत घालायचा.

हे डबे बसवले ते गिरीश खोबरेकरांच्या बायकोने, दर्शनाने. गिरीश बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, ती डबे सांभाळायची. पॉलिटेक्निकात शिकलेली, गाबीत तांडेलाची मुलगी, आणि तिला बोट लागायची. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर चढली तरी एका हातात लिंबू धरून हुंगत राहायची.

"गाबताचा चेडू आणि बोटीत ओकता!" तिचा धाकटा भाऊ रुपेश धक्क्यावर बसून ओरडायचा.

"तू गप रव मेल्या. पाना दी माका."

पाना द्यायला गिरीशच पुढे व्हायचे. रुपेश नुसता हसायचा.

सुरुवातीला तिने डबे डोलकाठीच्या टोकाला लावले होते. पहिल्याच हंगामात अर्ध्या बोटींच्या वायरी कापलेल्या निघाल्या. सोसायटीतले लोक म्हणाले, दंड लावा. दर्शना म्हणाली, दंड लावून काय होणार, आपला थवा दुसऱ्याला दाखवील असा तांडेल अजून जन्माला यायचाय. तिने सगळे डबे खाली आणून केबिनच्या कपाळावर लावले, उभ्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. आणि घरून एक टोप आणून रुपेशच्या हातात दिला.

"वायर कापू नको. लपाचा आसात तर ह्यो घाल."

तो टोप तिच्या लग्नातला होता. त्यावर यंत्राने कोरलेली अक्षरं होती, 'चि. सौ. कां. दर्शना हिस मामाकडून'. गिरीश म्हणाले, अगं, लग्नातला टोप बोटीवर काय देतेस? तर म्हणाली, मामाला काय कळतंय, आणि आपल्याला पुरेल एवढा भात छोट्या टोपात होतो की.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर्शनाला जाऊन दोन पावसाळे झाले. छोट्या टोपातसुद्धा आता भात उरतो.

डबे काय करतात ते ती तांडेलांना अगदी सोपं करून सांगायची. प्रत्येक डबा शेजारच्या डब्यांना सारखी हाक मारत असतो, 'मी आसंय, मी आसंय'. शेजारचेही तशीच हाक मारतात. कोण कोणाला ऐकू येतं यावरून प्रत्येक डबा आपल्यापुरता रस्ता ठरवतो. निरोप या बोटीवरून त्या बोटीवर, तिथून टेकडीवरच्या मनोऱ्यावर, तिथून पुढे जगात. बोटी हलत्या, त्यामुळे रस्ते रोज बदलणारे. एखाद्याची हाक थांबली की शेजाऱ्यांनी ठरवायचं, हा थोडा वेळ गप्प आहे की गेला. गेला असं ठरलं की ती बातमी सगळीकडे पोचवायची आणि सगळ्यांनी मिळून नवे रस्ते काढायचे. हाक तुटल्यापासून सगळ्यांचे रस्ते पुन्हा जुळेपर्यंतचा जो वेळ, त्याला ती 'जुळणी' म्हणायची. चांगलं नेटवर्क कुठलं, तर ज्याची जुळणी लवकर होते ते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

दर्शनाने मात्र आपल्या डब्यांना जरा थांबायला शिकवलं होतं. लाटेवर बोट कलली की हाक तुटते आणि लगेच परत येते. टोप घातला तरी तुटते. प्रत्येक वेळी सगळ्या बंदराने नव्याने रस्ते काढायचे म्हटलं तर रस्ते काढण्यातच दिवस जाईल. म्हणून तिचे डबे शेजारी गप्प झाला की अर्धा मिनिट काहीच करायचे नाहीत. तेवढ्यात आला तर ठीक. नंतर आला तरी त्याला पहिल्याच हाकेला आत घ्यायचं, मागचं काही विचारायचं नाही.

याची किंमत होती. ती गिरीशनी स्वतः मोजली होती.

निवतळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर राहत नाहीत. सिस्टर डिसोजा आणि एक यंत्राचा हात आहे. डॉक्टर कोल्हापूरला बसून आपला हात हलवतात, इकडे यंत्राचा हलतो. दरड कोसळून केबल तुटली की हे सगळं बोटींच्या डब्यांवरून चालतं. दर्शनाचे रिपोर्ट आले त्या दिवशीही केबल तुटलेली होती. ती खाटेवर बसली होती, गिरीश शेजारी स्टुलावर. पडद्यावर डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट पाहता मला असं सांगावंसं वाटतं की—" आणि तसेच थिजले. तोंड अर्धं उघडं, चष्मा कपाळावर.

गिरीश ताडकन उठले. पडद्यावर थाप मारायला निघाले होते.

"बसा हो. कुठल्यातरी बोटीची हाक तुटली. येतील आत्ता," दर्शना म्हणाली. तिने त्यांचा हात धरून खाली ओढला. "आकडे म्हणा माझ्यासोबत. एक, दोन..."

ती आकडे म्हणत राहिली. मध्येच तिला हसू आलं. "बघा, माझंच यंत्र माझ्यावर उलटलं." गिरीशना हसू आलं नाही. तिशीच्या जवळ आल्यावर डॉक्टरांचं तोंड मिटलं, परत उघडलं, आणि त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं.

तो थिजलेला चेहरा गिरीशच्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून ती गेल्यावर सोसायटीत 'चपळ' घेण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी हात वर केला. नेटवर्क समितीवरची दर्शनाची जागा लोकांनी त्यांना दिली होती, आणि त्या जागेवर बसून त्यांनी केलेलं हे पहिलं काम.

चपळ हा डब्यांचा नवा प्रोग्रॅम. हाक तुटताच त्याला कळतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत जुळणी होते. चित्र अडकत नाही. समुद्रावरचा मासळीचा लिलाव न थांबता चालतो, गोव्याचे हॉटेलवाले बोटीवरची ताजी सुरमई बघून तिथेच भाव बोलतात. बंदर खूश होतं. मात्र इतकं चपळ व्हायचं तर सारखं ये-जा करणारा शेजारी परवडत नाही. म्हणून चपळ प्रत्येक शेजाऱ्याचा हिशोब ठेवतो. गेला आणि आला, की एक वाईट शेरा. शेरे वेळाने पुसट होतात, पण फार साठले तर डबा त्या शेजाऱ्याला ओळख देत नाही. तो कितीही 'मी आसंय' म्हणाला तरी बाकीचे त्याच्या अंगावरून रस्ता नेत नाहीत आणि त्याची हाक पुढे देत नाहीत. शेरे झिजेपर्यंत तो त्यांच्या लेखी नसतोच.

हे बसवायला कंपनीने ऋतुजा देसाई नावाची इंजिनियर पाठवली. सांगलीची. बंदराचा वास दोन महिन्यांत अंगवळणी पाडून घेतला, आणि मग इथेच राहिली. गिरीश रोज दुपारी सोसायटीच्या खोलीत जायचे, ती चहा करायची, आणि दोघं नकाशावरचे ठिपके बघत बसायचे. तिला दर्शनाच्या गोष्टी ऐकायला आवडायच्या. तेवढं ऐकणारं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं. मुलगी पुण्याहून फोन करून एवढंच म्हणायची, बाबा, किती दिवस तिथे एकटे बसणार, आता इकडे या.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. बांगडा जोरात होता. उन्हं उतरायला लागली आणि वाऱ्याने अचानक दिशा बदलली. बोटी एकेक करून खाडीत शिरायला लागल्या. रुपेशची बायको सायली सोसायटीच्या दारात आली. तिच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या, तशीच धावत आली होती.

"भावजी, ह्यांची बोट खंय दिसता काय?"

ऋतुजाने नकाशा मोठा केला. रुपेशच्या बोटीचा ठिपका नव्हता. शेवटचा दिसला होता तो दुपारी, उत्तरेकडे, दीपस्तंभाच्या बेटापाशी. तटरक्षक दलाला त्या जागेची खबर दिली. त्यांची गस्तीची बोट तिकडे निघाली.

"शेवटचा दिसलो थंय तो नसतलो," गिरीश म्हणाले.

"म्हणजे?" ऋतुजाने विचारलं.

"आज बांगडो किती हा बघितलंस मा? रुपेशान टोप घातलो असतलो. घातलो, काढलो, परत घातलो. थंयसून हललो कधी, तां कोणाक ठाऊक?"

ऋतुजाचे हात थांबले. "टोप?"

इतके महिने बंदरावर राहून तिला हे कुणी सांगितलं नव्हतं; ठिपके विझतात ते लाटांमुळे, असं ती समजत आली होती. बाहेरच्या माणसाला सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हतीच. आणि गिरीशनी तिला दर्शनाच्या शंभर गोष्टी सांगितल्या, त्यात ही राहिली. ऐकताना ती हसली नाही. ती खाली बसून बोटींच्या डब्यांची माहिती एकेक करून उघडायला लागली. थोड्या वेळाने तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"काका, हे बघा. परत आलेल्या या चार बोटी. दुपारी त्या रुपेशदादांच्या आसपास होत्या. चौघींनीही त्यांना शेरे मारलेत. इतके, की त्यांची हाक घेणंच बंद केलंय." तिचा आवाज बारीक झाला. "बाहेर अजून तीन बोटी आहेत. त्यांच्याकडेही तेच असणार. दादा कदाचित आत्ता ओरडत असतील. त्या बोटींना ऐकू येत असेल. पण त्यांचे डबे पुढे देत नाहीयेत."

"मगे ते शेरे पुसून टाक."

"बाहेरून पुसता येत नाहीत. डब्याचं मत डब्याचंच, त्यात कुणी हात घालू नये म्हणून तसं केलंय. एकच करता येईल. सगळं बंदर एकदम जुन्या पद्धतीवर न्यायचं. दर्शनाकाकूंच्या. सगळे डबे मागचं विसरतील आणि नव्याने हाका मारतील. पण तेवढा वेळ कुठलाच रस्ता नसेल. मिनिट, दीड मिनिट. कदाचित दोन. आणि समितीतल्या कुणाची तरी परवानगी लागेल."

"माझी हा."

"तुमची आहे, काका. पण आरोग्य केंद्रात आत्ता बाळंतपण चाललंय. खालच्या वाडीतली मुलगी. केबल सकाळपासून तुटलीय. डॉक्टर आपल्या डब्यांवरूनच बघतायत."

सायलीने गिरीशकडे बघितलं. तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती.

गिरीश उठले. आरोग्य केंद्र सोसायटीच्या मागेच होतं, मध्ये फक्त जाळी वाळत घालायचं मैदान. ते पळत गेले नाहीत, त्यांच्या गुडघ्यांना ते जमत नव्हतं, पण मैदानातल्या जाळ्यांवरून थेट चालत गेले. एरवी असं कुणी केलं असतं तर त्यांनीच शिव्या दिल्या असत्या.

सिस्टर डिसोजा पडद्याआडून बाहेर आल्या. हातात मोजे, कपाळावर घाम.

"सिस्टर, दोन मिनटां डॉक्टर बंद करूक व्हये. रुपेश भायर आसा, त्याची हाक कोण घेणा नाय." गिरीशनी एका दमात सांगितलं. "तुम्ही नको म्हणालात तर नाय करणार."

सिस्टरनी मागे वळून बघितलं. आत पोरगी कण्हत होती. यंत्राचा हात तिच्या पोटावर टेकलेला होता आणि बाळाच्या काळजाचा आवाज येत होता, पळत्या घोड्यासारखा.

"ठोके बरे आसत," सिस्टर म्हणाल्या. "डोक्या दिसाक लागला की माका डॉक्टर व्हयो. अजून दिसूक नाय. आत्ता करा. आत्ताच करा. मगे मी देवचंय नाय."

"घाबरात काय ती?"

"घाबरात. आकडे म्हणाक लावतंय तिका." सिस्टर मोजे सारखे करत आत वळल्या. "पयली पडदो अडाकलो की तसाच करी होतंय. दर्शनान शिकवललां ता. चपळ इलो, तेव्हापासून लागाक नाय."

गिरीशनी तिथूनच हातातल्या फोनवरून ऋतुजाला सांगितलं, "कर." आणि फोन मुका झाला.

पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई थिजल्या. यंत्राचा हात होता तिथे थांबला. ठोक्यांचा आवाजही गेला, आणि खोली एकदम मोकळी वाटायला लागली. सिस्टरनी आपला जुना लाकडी नळा काढून मुलीच्या पोटाला लावला, कान टेकला, आणि एका हाताने तिचा हात धरला.

"म्हण गो माझ्यावांगडा. एक. दोन. तीन."

"चार," मुलगी म्हणाली. "पाच. आई गं. सहा."

गिरीश पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभे होते. नकळत तेही म्हणायला लागले. अकरा. बारा. त्यांना वाटलं होतं, पुन्हा तोच राग येईल. पण रागाच्या जागी त्यांना दर्शनाचा हात आठवला. गरम होता, सोल्डरिंगच्या जुन्या डागांनी खरखरीत. त्या दिवशी ती आकडे म्हणत होती तेव्हा डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नव्हतं. तोवर दोघांनाही काहीच कळलेलं नव्हतं. नेहमीची चतुर्थी, नेहमीचं छप्पर शाकारणं, नेहमीचं भांडण, सगळं अजून पुढे होतं. तेवढा अर्धा मिनिट तिच्याच यंत्राने त्यांना दिला होता. आणि त्यांनी तो पडद्यावर थाप मारण्याच्या नादात घालवला.

तीस झाले. चाळीस झाले. काही आलं नाही. साठाला मुलीचा आवाज फाटला आणि सिस्टर म्हणाल्या, "परत एकापासून. चल." गिरीशनी डोळे मिटून घेतले. समुद्रावर आता बोट कुठल्या बाजूला वाहत असेल, याचा ते हिशोब करत होते. वारा असाच राहिला तर दक्षिणेला, आणि दक्षिणेला कवळ्याचे खडक.

दुसऱ्या फेरीत वीस ओलांडल्यावर डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "...हॅलो? सिस्टर, काय झालं? ठोके सांगा." सिस्टरनी सांगितले. यंत्राचा हात हलला. मुलगी रडायला लागली.

गिरीशच्या हातातला फोन वाजला. ऋतुजा नव्हती. फोनवर वारा होता, आणि वाऱ्याच्या पलीकडे कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

"भावजी! भावजी, आयकतास काय? इंजिन गेला माझा! कवळ्याच्या खडकांच्या भायर आसंय! टोप काढलंय हां मी! कवाच काढलंय! कोणच उत्तर देणा नाय मेलो!"

"आयकतंय रे," गिरीश म्हणाले. "आयकतंय. नांगर टाक. गस्तीबोट धाडतंय."

फोन त्यांनी धावत आलेल्या सायलीच्या हातात दिला. तिने नवऱ्याला ज्या शिव्या द्यायला सुरुवात केली, त्या आतल्या खोलीपर्यंत ऐकू गेल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे काय चाललंय? सिस्टर म्हणाल्या, काही नाही, घरचं आहे.

दिवेलागणीला गस्तीबोट रुपेशला ओढून घेऊन आली. त्याच्या आधी थोडा वेळ खालच्या वाडीतल्या मुलीला मुलगा झाला.

पुढच्या आठवड्यात समिती बसली. लिलाववाल्यांना चपळ परत हवा होता आणि त्यांचंही चुकत नव्हतं. ऋतुजाने मार्ग काढला. मनोरे, आरोग्य केंद्र, लिलावाची खोली, म्हणजे जे डबे हलत नाहीत, त्यांच्यात चपळ. हलणाऱ्या बोटींसाठी दर्शनाची पद्धत. तिने कंपनीला लांबलचक अहवाल पाठवला, त्यात टोपाचा फोटोही टाकला. कंपनीच्या माणसाने विचारलं, हे भांडं कसलं? तिने लिहिलं, सविस्तर कळवते.

रुपेश गिरीशकडे आला तो टोप घेऊनच. एका बाजूला चेपलेला, बुडाला काळा. त्याने तो ओट्यावर ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण ताईच्या घरात आला की अजून असाच उभा राहायचा.

"ह्यो घेवा भावजी. माका नको आता. ताईचो टोप, आणि त्याच्यापायीच मराक लागलंय होतंय."

गिरीशनी टोप हातात घेतला. काजळीखाली अक्षरं अजून लागत होती. 'हिस'च्या वेलांटीचा शेंडा जरा झिजला होता. त्यांनी तो घासला नाही. फडक्याने वरवर पुसला आणि रुपेशच्या हातात परत दिला.

"बोटीवरच ऱ्हवांदे."

"आता घालूचंय नाय मी. शप्पथ."

"घालशील रे. बांगडो गावलो की घालशील. ती तुका वळखून होती." ते आत वळले. "भात टाकतंय. जेवन जा. सायलीक पण बोलव. मोठ्या टोपात करतंय."

त्या रात्री मुलीचा फोन आला. बाबा, मग कधी येताय पुण्याला? गिरीश म्हणाले, येईन. थोडं थांब.

दिवाळी झाल्यावरच्या एका सकाळी सोसायटीच्या खोलीत चहा उकळत होता. ऋतुजा नकाशाकडे बघत होती. ती एकदम खुर्चीतून उठली.

"काका, रुपेशदादांचा ठिपका गेला!"

गिरीशनी नकाशाकडे बघितलं. सगळ्या बोटी आपापल्या जागी होत्या. एका जागी नुसतं निळं पाणी होतं. त्यांनी दोन कप पुढे ओढले आणि चहा गाळायला घेतला.

"जांवदे," ते म्हणाले. "बांगडो गावलो असतलो. येतलो परत."